डाळिंबावरील शॉट होल बोरर: नव्या बागायतदारासाठी खोडाच्या राखणीची माहिती

आटपाडी, जत, खानापूर, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील माण-खटाव या कमी पावसाच्या पट्ट्यात मुरमाड माळावर तग धरणारे आणि शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा देणारे फळझाड म्हणून डाळिंब रुजले. या पट्ट्यातील बागायतदार वर्षानुवर्षे तेल्याशी, म्हणजे पाना-फळांवर तेलकट डाग पाडणाऱ्या रोगाशी, झगडत आला. परंतु २०१९ आणि २०२० च्या परतीच्या पावसानंतर अनेक बागांमध्ये वेगळेच दृश्य दिसू लागले. फळांनी लगडलेले झाड आठ-पंधरा दिवसांत पिवळे पडायचे आणि पाने झाडावरच वाळायची. बुंध्याजवळ वाकून पाहिले तर सालीवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे आढळायची. कृषी विभागाच्या पत्रकांत या किडीला शॉट होल बोरर म्हणतात, तर आपल्याकडे पिन होल बोरर किंवा नुसती खोडकीड या नावाने ती ओळखली जाते. ज्यांनी पहिल्यांदाच डाळिंब लावले आहे किंवा वडिलांकडून नुकताच बागेचा कारभार हाती घेतला आहे, त्यांना या किडीविरुद्ध कोणती कामे कोणत्या क्रमाने करावी लागतात, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. हा भुंगेरा सहसा धडधाकट झाडाच्या वाटेला जात नाही. ज्या झाडाची मुळे गुदमरली आहेत, ज्याला अतोनात ताण बसला आहे किंवा जे मर रोगाने आतून पोखरले जात आहे, अशा झाडाचा माग काढत तो येतो. त्यामुळे औषधाच्या दुकानात जाण्याआधी ठिबकचा व्हॉल्व्ह आणि झाडाखालची माती तपासावी.

कीड कशी आहे, हे आधी समजून घ्यावे

थंड प्रदेशांतील पाइनची जंगले सालीखालच्या ज्या भुंगेऱ्यांमुळे वाळतात, त्यांच्याच कुळातील हा कीटक आहे. पाइनवरचा भुंगेरा साल आणि लाकूड यांच्यामधला रसाळ थर खात सालीखालीच राहतो; डाळिंबावरचा मात्र साल ओलांडून थेट लाकडात शिरतो. लाकूड हे त्याचे अन्न नव्हे. मादी आपल्या तोंडाजवळच्या सूक्ष्म पिशव्यांतून एका बुरशीचे बीज घेऊन येते, लाकडात बोगदा कोरते, त्याच्या भिंतींवर ती बुरशी वाढवते आणि तिची पिल्ले त्या बुरशीवर पोसली जातात. एका अर्थाने तिची शेती आपल्या झाडाच्या खोडात चाललेली असते. बोगद्यांमुळे आणि बुरशीमुळे झाडाच्या रसवाहिन्या बंद पडतात, आणि मुळाशी पाणी असूनही शेंडा वाळत जातो.

यातून तीन निष्कर्ष निघतात आणि पुढची सगळी कामे त्यांवरच आधारलेली आहेत. भुंगेरा लाकूड गिळत नसल्यामुळे झाडावर मारलेले विष त्याच्या पोटात सहजासहजी जात नाही. तो सालीवर फिरत असतो किंवा भोक पाडायला सुरुवात करतो, तेवढ्याच वेळात औषध त्याला गाठू शकते. दुसरे असे की नर उडत नाही आणि मादीचे मीलन बहुधा बोगद्यातच भावंडांशी होते, त्यामुळे बाहेर पडणारी प्रत्येक मादी एकटीच नवे बिऱ्हाड थाटण्यास समर्थ असते. उबदार हवेत साधारण महिना-सव्वा महिन्यात नवी पिढी तयार होते. म्हणून एका झाडाकडे दोन महिने दुर्लक्ष झाले तर किडीचे लोण शेजारच्या ओळींत पोहोचते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मुळांना हवा मिळेनाशी झाली की झाडाच्या शरीरात मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, तयार होऊन सालीतून बाहेर पडू लागतो आणि त्याच्या वासावर भुंगेरे येतात. आपल्याला बाग हिरवीगार दिसत असते, तेव्हाही पाणी साचलेल्या झाडाचा पत्ता त्यांना लागलेला असतो.

आठवड्यातून एकदा खोडाशी वाकावे

बागेत उभ्याने फिरून ही कीड कळत नाही. छिद्रे बहुतेक करून जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंतच्या खोडावर असतात, आणि खालच्या फांद्या, फुटवे व तण यांच्या आड ती लपतात. म्हणून पहिले काम बुंधा मोकळा करण्याचे आहे. जमिनीलगतचे पाणसोट, म्हणजे जोमाने सरळ वाढणारे फुटवे, काढावेत, बुंध्याला टेकलेली माती आणि शेणखत हाताने मागे सारावे, आणि प्रत्येक झाडाचे खोड चारही बाजूंनी दिसेल असे करावे. जुन्या बागांत एकेका झाडाला सहा-सात खोडे ठेवलेली आढळतात. अशा गर्दीत तपासणीही होत नाही आणि खोडाला लावायची औषधी पेस्टही नीट लागत नाही. नव्या लागवडीत तीन-चारांहून अधिक खोडे ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणीसाठी सकाळचे कोवळे ऊन चांगले, कारण तिरप्या उजेडात सालीवरचा भुसा लगेच नजरेत भरतो. बरोबर धारदार चाकू, लहान भिंग आणि खुणेसाठी रंगीत फीत असावी. गुडघे टेकून बसावे आणि खोडावरून नजर खालून वर न्यावी. ताजे छिद्र असेल तर त्याच्या तोंडाशी पिठासारखा फिकट भुसा साचलेला दिसतो. कधी तो शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखा बाहेर डोकावतो आणि बोट लावताच मोडतो. काही ठिकाणी सालीवर ओलसर, तपकिरी डाग असतो. अशा जागी चाकूने साल हलकेच खरवडावी. निरोगी साल आतून हिरवट-पांढरी निघते. कीड असेल तर टाचणीच्या जाडीचे काळपट कडेचे भोक सरळ लाकडात गेलेले दिसते. भुंगेरा सापडलाच तर तो राळ्याच्या दाण्याएवढा, तपकिरी आणि लांबट गोल असतो. नवख्या माणसाला ते तणाचे बी वाटण्याचाच संभव अधिक.

खोडावरचे प्रत्येक छिद्र याच किडीचे असते, असे मात्र नाही. फांदीच्या बेचक्यात विष्ठा आणि रेशमी धाग्यांची गोधडीसारखी जाळी दिसली तर ती साल खाणारी अळी होय. पेन्सिल जाईल एवढे मोठे भोक आणि खाली जाडसर भुशाचा ढीग असेल तर ती मोठी खोड पोखरणारी अळी असते. या दोन्ही अळ्यांना तार घालून बाहेर काढता येते किंवा भोकात औषधाचा बोळा घालून भोक चिखलाने लिंपता येते. शॉट होल बोररच्या बाबतीत हा उपाय निरुपयोगी आहे. आमच्या बागेत पहिल्यांदा ही कीड आली तेव्हा एका दुकानदाराच्या सांगण्यावरून आम्ही इंजेक्शनच्या सुईने छिद्राछिद्रांत औषध भरत बसलो. दोन दिवस चार माणसांनी ते काम केले. एका खोडावर दिसणारी वीस छिद्रे आम्ही भरली, पण सालीच्या भेगांतील न दिसणारी तशीच राहिली, आणि ओढ्याच्या कडेची ती सबंध ओळ पुढच्या पावसाळ्याआधी काढून टाकावी लागली. नंतर लक्षात आले की त्याच ओळीत परतीच्या पावसाचे पाणी आठवडाभर तुंबले होते. औषधात घालवलेले ते दोन दिवस चर खोदण्यात गेले असते, तर निदान तिच्या शेजारची ओळ तरी सुखरूप राहिली असती.

संशयित झाडाला फीत बांधावी आणि वहीत ओळीचा व झाडाचा क्रमांक लिहून ठेवावा. सहा-आठ आठवड्यांनी ही वही उघडली की किडीची झाडे बागेत कोणत्या बाजूला गोळा होत आहेत, ते दिसू लागते. बहुधा ती सखल जागा असते, किंवा गळक्या व्हॉल्व्हच्या आसपासचा भाग, किंवा शेजारच्या उसाचे पाणी झिरपून येणारा बांध.

पाणी आणि वाफसा

या कामाला सर्वांत अधिक वेळ द्यावा. डाळिंबाला वाफसा लागतो, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असावी लागतात. टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी आल्यापासून दुष्काळी गावांचे नशीब पालटले, आणि ज्यांनी टँकरने बागा जगवल्या त्यांना पाण्याचा किती हव्यास असतो, हे मी जवळून पाहिले आहे. मात्र आवर्तन, म्हणजे योजनेच्या पाण्याची पाळी, आले म्हणून गरज नसताना तासन्‌तास ठिबक चालू ठेवणे म्हणजे झाडाच्या मुळांना पाण्यात बुडवून ठेवणे होय. पूर्वी ज्या माळावर डाळिंब उत्तम यायचे त्याच माळावर ते आता आजारी का पडते, याचे अर्धे उत्तर या सवयीत आहे.

वाफसा पाहण्याची रीत सोपी आहे. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर खुरप्याने अर्धा-पाऊण फूट खोल माती काढून ती मुठीत दाबावी. बोटांच्या फटींतून पाणी निघाले किंवा हाताला चिखल लागला, तर पाणी बंद ठेवावे. मातीचा गोळा झाला आणि कंबरेच्या उंचीवरून टाकताच फुटला, तर वाफसा आहे असे समजावे. गोळाच होत नसेल तर पाणी द्यावे. काळ्या जमिनीत हा अंदाज अधिक काळजीने घ्यावा, कारण तिचा वरचा थर भेगाळलेला दिसत असताना खाली चिखल असू शकतो. ठिबकच्या नळ्या बुंध्याला चिकटून असतील तर त्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फूट सरकवाव्यात. बुंधा कोरडा आणि मुळांचा घेर ओलसर, अशी स्थिती हवी.

नवी लागवड करणाऱ्याच्या हाती याहून अधिक आहे. शक्यतो भारी काळी जमीन टाळावी, आणि ती घ्यावीच लागली तर दीड-दोन फूट उंचीच्या गादीवाफ्यावर लागवड करावी. दोन ओळींत साडेचार मीटर आणि दोन झाडांत तीन मीटर अंतर ठेवले तर हेक्टरी सुमारे ७४० झाडे बसतात. झाडांची संख्या वाढवण्याच्या मोहाने हे अंतर कमी केले की पुढे बागेत हवा खेळत नाही आणि बुंध्यापर्यंत ऊन पोहोचत नाही. उताराच्या दिशेने चर काढून पावसाचे पाणी बागेबाहेर जाण्याची वाट पावसाळ्यापूर्वीच मोकळी करावी.

ताण देण्याविषयीही सांगितले पाहिजे. आंबिया, मृग किंवा हस्त यांपैकी कोणताही बहार, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, धरायचा असला तरी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे काही काळ पाणी तोडावे लागते, पण हलक्या मुरमात तो भारी जमिनीएवढा लांबवणे धोक्याचे असते. ताण लांबवायचा, पानगळीसाठी इथरेलची मात्रा वाढवायची, लगेच जड छाटणी करायची आणि त्यावर भरपूर पाणी सोडायचे, असा चौफेर मारा एका महिन्यात झाला की झाड खचते. काढणीनंतर तीन-चार महिन्यांची विश्रांती झाडाला मिळालीच पाहिजे. दरवर्षी एकच बहार घ्यावा. बाजार चढा आहे म्हणून एका वर्षात दोनदा फळे घेतलेल्या बागा खोडकिडीला सर्वप्रथम बळी पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

खोडाला पेस्ट लावणे

पाण्याची घडी बसल्यावर पेस्टकडे वळावे. भुंगेरा सालीवर उतरून भोक पाडू लागतो तेव्हा त्याला अडवणे, एवढाच पेस्टचा उपयोग आहे. आत गेलेल्या किडीवर तिचा परिणाम होत नाही, हे ध्यानात असले म्हणजे पुढे निराशा होत नाही.

नेहमीच्या पद्धतीत १० लिटर पाण्यात ४ किलो गेरू रात्रभर भिजत घालतात. सकाळी तो काठीने घोटून घ्यावा, गुठळ्या राहू देऊ नयेत, आणि मग त्यात २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड व शिफारशीतील कीटकनाशक मिसळावे. कीटकनाशक कोणते आणि किती घ्यायचे, हे सोलापूरजवळ केगाव येथे असलेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या त्या हंगामाच्या शिफारशीवरून आणि डब्यावरील सूचनांवरून ठरवावे, कारण या शिफारशी बदलत असतात. सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी कांचनपूर येथील आणि सातारकरांनी बोरगाव येथील कृषी विज्ञान केंद्रातही विचारणा करावी. जुने बागायतदार यासाठी क्लोरपायरीफॉस वापरण्याचा सल्ला देतात. ज्यांचा माल युरोपात जाणार आहे त्यांनी मात्र ते बागेत आणूच नये, कारण युरोपीय संघाने त्याच्या अवशेषांची मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली आहे.

पेस्टचा दाटपणा बासुंदीइतका असावा. पातळ झाली तर ती ओघळून जाते आणि फार घट्ट झाली तर वाळल्यावर खपल्या धरते. लावण्यापूर्वी सालीवरची सुटी खपली, शेवाळ आणि माती काथ्याच्या ब्रशने काढावी. तारेचा ब्रश वापरू नये, त्याने कोवळ्या सालीला जखमा होतात. मग जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत, फांद्यांच्या बेचक्यांत आणि खोडांच्या आतल्या बाजूंनाही पेस्ट भरावी. मजुरांकडून नेमकी हीच आतली बाजू राहून जाते, कारण तेथे हात पोहोचण्यासाठी वाकावे लागते आणि काटे टोचतात. म्हणून पहिल्या दिवशी मालकाने स्वतः ब्रश हातात घेऊन काम दाखवावे. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तोंडावर मास्क असल्याशिवाय कोणालाही हे मिश्रण हाताळू देऊ नये. गेरूचा रंग पाहून मजुरांना त्यात विष आहे याचा विसर पडतो.

लागवडीच्या दुसऱ्या वर्षापासून विश्रांतीच्या काळात, छाटणी झाल्यावर लगेच आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा, अशी पेस्ट लावावी. आसपासच्या बागांत कीड असेल तर दर दोन-तीन महिन्यांनी खोडे पाहून धुतलेल्या जागा भरून घ्याव्यात. छाटणीच्या मोठ्या जखमांवर १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या दोन बादल्यांत वेगवेगळा विरघळवून एकूण १० लिटर पाण्यात एकत्र करावा. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात चाकूचे पाते मिनिटभर बुडवावे, आणि त्यावर तांबूस थर आला तर आणखी थोडी चुन्याची निवळी घालावी.

कीड लागलेल्या झाडाचे काय करावे

दोन-चार छिद्रे आहेत आणि झाडाचा पाला अजून टवटवीत आहे, अशा झाडावर प्रयत्न करावा. त्याचे पाणी कमी करावे, त्या झाडावरची फळे काढून टाकावीत, खोडाला पेस्ट लावावी आणि शिफारशीतील कीटकनाशक व बुरशीनाशकाची आळवणी वाफशावर करावी, म्हणजे त्यांचे द्रावण मुळांशी ओतावे. आळवणीनंतर काही दिवस ट्रायकोडर्मासारखी जैविक बुरशी देऊ नये. रासायनिक बुरशीनाशकाने ती मरते आणि पैसे वाया जातात. फळे बागेत असतील तर काढणीपूर्वीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे औषध दिल्यापासून फळे तोडेपर्यंत सोडायचे दिवस, पाळावा.

एखादी फांदी किंवा सबंध झाड पिवळे पडून वाळत असेल, तर खोडाचा आडवा छेद घेऊन पाहावा. लाकडात मध्याकडून कडेकडे जाणारे काळपट पट्टे चांदणीसारखे पसरलेले दिसले तर सेराटोसिस्टिस बुरशीचा मर रोग झाल्याचे समजावे. खोडकीड आणि मर रोग पुष्कळदा एकाच झाडावर सापडतात, आणि असे झाड वाचत नाही. ते लवकरात लवकर मुळासकट काढावे. या कामात जीव अडकतो, हे मला ठाऊक आहे. पाच वर्षे पोटच्या पोरासारखे वाढवलेले झाड फळांसह उपटताना घरातील माणसे रडलेली मी पाहिली आहेत. परंतु त्याला आणखी महिनाभर उभे ठेवणे म्हणजे बाजूच्या झाडांवर माद्या सोडणे आहे.

काढलेले झाड बागेतून ओढत नेऊ नये. जागेवरच तुकडे करून पोत्यांत भरावेत, मुळ्यांची माती इतर ओळींत सांडू देऊ नये आणि सारे लाकूड त्याच दिवशी बागेबाहेर जाळावे. आपल्याकडे एक चूक सर्रास घडते: वाळलेली झाडे चुलीसाठी किंवा हुरड्याच्या आगटीसाठी बांधावर रचून ठेवली जातात. लाकडात ओल असेपर्यंत आतली कीड जिवंत असते आणि त्या ढिगातून रोज नवे भुंगेरे बाहेर पडतात. छाटणीच्या जाड फांद्यांनाही हाच नियम लागू करावा. करवत आणि कात्री एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवावी.

काढलेल्या झाडाभोवतीच्या चारही बाजूंच्या झाडांना त्याच दिवशी पेस्ट लावावी आणि पुढचे दोन महिने ती दर आठवड्याला तपासावीत.

पाळत ठेवण्यासाठी बाटलीचा सापळा

भुंगेरे इथेनॉलच्या वासावर येतात, याचा लाभ आपल्यालाही घेता येतो. रिकाम्या प्लॅस्टिक बाटलीच्या बाजूला मोठी खिडकी कापावी, बाटली उलटी टांगावी आणि खालच्या झाकणाच्या बाजूला इथेनॉलयुक्त सॅनिटायझर दोन बोटे उंचीएवढे भरावे. हा सापळा बागेच्या कडेला, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर असावा, कारण हे भुंगेरे खालूनच उडतात. आठवड्याने सॅनिटायझर पांढऱ्या फडक्यावर गाळून भुंगेरे मोजावेत. कीड संपवण्यासाठी हा सापळा पुरेसा नाही, पण भुंगेरे कधी उडू लागले, हे त्यावरून कळते आणि पेस्ट लावण्याची वेळ ठरवता येते. तो झाडांच्या दाटीत मध्यभागी टांगू नये, नाहीतर बाहेरची कीड आपणच आत बोलावून घेऊ.

नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या रिकाम्या जागा, भरताना

मेलेल्या झाडाच्या जागी लगेच नवे रोप लावण्याची घाई करू नये. खड्डा मोठा खोदून त्यातील जुनी मुळे वेचावीत, उन्हाळाभर तो तापू द्यावा आणि भरताना दुसरीकडची माती, कुजलेले शेणखत व ट्रायकोडर्मा वापरावे. रोप खात्रीच्या रोपवाटिकेतून घ्यावे, आणि पिशवी फाडण्यापूर्वी त्याच्या मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी नाहीत, हे एखादे रोप उपसून पाहावे. जेथे पाणी तुंबून झाड गेले असेल तेथे आधी चर काढावा. चर काढणे शक्य नसेल तर ती जागा मोकळीच ठेवावी. आमच्या ओढ्याकडेच्या ओळीत आता डाळिंब नाही, तेथे आम्ही जनावरांसाठी गवत करतो, आणि तिच्या वरच्या ओळीची खोडे अजून स्वच्छ आहेत.